वाटीचें माप आणि ओटचें वजन

आमच्या शाळेंतील एका विद्यार्थ्याच्या आजोबांस मधुमेहाचा विकार आहे. सकाळीं इन्सुलिन घेतल्यावर त्यांनीं ४० ग्रॅम ओट शिजवून खावे, असें डॉक्टरांनीं लिहून दिलें. घरीं तराजू नव्हता. मिलिलिटरच्या रेघा असलेला एक पेला मात्र होता. नातवानें ४० च्या रेघेपर्यंत ओट भरले आणि तेवढेच शिजविले गेले. थोड्या वेळानें आजोबांस घाम सुटून घेरी आली. साखरपाणी दिल्यावर त्यांस हुशारी वाटली. चौकशी करितां कळलें कीं, ४० ग्रॅम समजून दिलेले ओट भरले अवघे १४ ग्रॅम! औषध पुरें, अन्न मात्र तिसऱ्या हिश्शाइतकें. मग रक्तांतील साखर उतरली यांत नवल तें काय? मुलाचें मन निर्मळ होतें. चुकलें तें गणित.

हा घोटाळा कां व्हावा? माप हें जागा मोजतें, वजन हें पदार्थ मोजतें. ४० मिलिलिटर पाणी ४० ग्रॅम भरतें खरें. परंतु ती पाण्याची गोष्ट झाली. ओटचे दाणे वाफवून रुळांखालीं चपटे करितात. त्या चकत्या आडव्यातिडव्या पडल्या म्हणजे मधल्या फटींत हवा राहते. म्हणून अमेरिकन पाकपुस्तकांतील एक कप, म्हणजे सुमारें २३७ मिलिलिटर, घेतला तर त्यांत चपटे ओट ८० ते ९० ग्रॅमच मावतात. तेच दाणे चपटे न करितां कापून तुकडे केलेले असले, तर त्याच कपांत सुमारें १६० ग्रॅम मावतात. धान्य तेंच, कप तोच. वजन मात्र जवळजवळ दुप्पट!

आपल्या आजीबाईंस हें शिकवावें लागलें नसतें. दोन चिपट्यांचें मापटें, दोन मापट्यांचा शेर व चार शेरांची पायली हीं सर्व भरण्याचीं मापें. पायलीभर ज्वारी उचलतांना हात भरून येतो. पायलीभर लाह्या लहान मूलही उचलील. अमेरिकेच्या धान्यबाजारांत तर ही अडचण ओळखून बुशेल या मापाचें वजन धान्यागणिक निराळें ठरविलें आहे: गहूं ६० पौंड, जव ४८ पौंड आणि ओट ३२ पौंड.

तराजू नसला तरी एक सोपी युक्ति आहे. आम्हीं ती वर्गांत त्या मुलाच्या घरच्या वाटीनेंच करून पाहिली. ओटच्या नव्या पुड्यावर निव्वळ वजन छापलेलें असतें. आमचा पुडा ५०० ग्रॅमचा होता. तो परातींत रिकामा करून तळाचा चुरा हलक्या हातानें मिसळून घेतला. मग चमच्यानें वाटी भरली. दाबली नाहीं, आपटली नाहीं. सुरीच्या पाठीनें शीग काढून टाकली. अशा सव्वानऊ वाट्या झाल्या. ५०० ला ९.२५ नें भागितलें असतां उत्तर सुमारें ५४ येतें. म्हणजे त्या वाटींत ५४ ग्रॅम ओट मावतात, आणि डॉक्टरांचे ४० ग्रॅम म्हणजे पाऊण वाटी. हा आंकडा मुलानें डब्याच्या झांकणावर चिकटविला. मात्र वाटी किंवा ओटची जात बदलली, कीं हिशेब पुन्हां करावा. आणि जेथें रोग्याचें पथ्य आहे, तेथें लहानसा तराजू घेणें हेंच उत्तम. वाटीचा आंकडा अडीअडचणीपुरता.

मोशेच्या नियमशास्त्रांत तराजूचा उल्लेख निराळा आणि धान्य मापावयाच्या एफाचा निराळा आहे. दोन्ही खरे असावेत असा दंडक आहे. दुकानदारानें गिऱ्हाइकास फसवूं नये, एवढाच त्याचा अर्थ आपण लावतों. परंतु न समजतां चुकलेलें मापही कोणाच्या तरी ताटांतील घांस कमी करितें. म्हणून, मुलांनो, या सुट्टींत आपल्या घरच्या एका वाटीचा हिशेब काढा, आणि तो आईस दाखवा.