चौकट : वाचता येतं का, ते कसं ओळखतात?

एक कागद, चार मजकूर : सुटी अक्षरं, सोपे शब्द, चार वाक्यांचा परिच्छेद आणि छोटी गोष्ट. परिच्छेद पहिलीच्या पातळीचा, गोष्ट दुसरीच्या. ‘प्रथम’ या मुंबईत सुरू झालेल्या संस्थेच्या पुढाकाराने 2005पासून होणाऱ्या ‘असर’ पाहणीचं वाचनापुरतं एवढंच साहित्य. पाहणी ग्रामीण भागात, घरोघरी होते; 5 ते 16 वर्षांच्या प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून वाचायला देतात, मग ते शाळेत जात असो वा नसो.

गंमत अशी, की सुरुवात अक्षरांपासून नाही, परिच्छेदापासून होते. तो अडखळत, एकेक अक्षर जुळवत वाचला, तर खाली शब्दांकडे. सहज वाचला, तर वर गोष्टीकडे. शब्दांत पाचपैकी चार बरोबर आले, की ती पातळी गाठली. नापास असा शेराच नाही. मूल आज कुठे उभं आहे, एवढंच टिपायचं.

देशभरात तिसरीतल्या किती मुलांना दुसरीची गोष्ट वाचता आली? 2018मध्ये 27.3 टक्के, कोरोनानंतर 2022मध्ये 20.5 आणि 2024मध्ये 27.1. म्हणजे गाडी जेमतेम जुन्या स्टेशनात परतली.

मर्यादाही आहे : ही चाचणी मुख्यतः वाचण्याची आहे, समजण्याची नाही. मुलाने घडाघडा वाचलं, तरी ‘गोष्टीत काय झालं?’ हे घरी जरूर विचारा.