गाडीतली घूं घूं आणि निर्दोष वायर

बदलापूर गावातून रोज सकाळी कामाला निघणाऱ्या गाड्यांत टेपवर गाणी लावायचे निदान चार प्रकार सापडतील: ऑक्स केबल, ब्लूटूथ, पेनड्राइव्ह आणि लायटर सॉकेटमध्ये खोचलेला एफएम मॉड्युलेटर. आवाज बिघडला की दोष मात्र हमखास वायरीवर येतो. मग उल्हासनगरच्या बाजारातून जाडजूड, सोनेरी पिनांची केबल येते आणि घूं घूं तशीच राहते.

ती राहणारच. ॲक्सिलरेटर दाबला की जी शिट्टी चढत जाते, ती इंजिनाबरोबर फिरणाऱ्या अल्टरनेटरची असते. फोन ऑक्सने टेपला जोडलेला आणि त्याच वेळी गाडीतच चार्जिंगला लावलेला असला, की त्याला अर्थिंगच्या दोन वाटा मिळतात: एक केबलमधून, दुसरी चार्जरमधून. या दोन ठिकाणच्या विजेच्या दाबात किंचित फरक असतो. त्या फरकाने केबलमधून नको असलेला प्रवाह फिरतो आणि टेप त्यालाही गाणं समजून मोठा करतो. परीक्षा फुकटात होते. इंजिन चालू ठेवून चार्जर काढा. शिट्टी थांबली तर केबल निर्दोष आहे. मग चार्जिंग आणि ऑक्स एकाच वेळी टाळा, किंवा केबलच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर बसवा. त्यात बारीक ट्रान्सफॉर्मर असतात, ते आवाज पुढे पाठवतात आणि अर्थिंगची जोडणी तोडतात. फार स्वस्तातला आयसोलेटर बेस थोडा खातो, तेवढं चालवून घ्यावं लागतं. चार्जर काढूनही खरखर राहिली आणि पिन हलवली की आवाज येत-जात असेल, तर मात्र वायर किंवा सॉकेट खरंच गेलंय.

सोन्याचं काय? सोनं गंजत नाही, म्हणून आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात सोनेरी पिन जास्त दिवस टिकते. आवाज गोड करणं हे तिचं काम नाही.

‘फोनचा आवाज कमी ठेवा, टेपचा वाढवा, म्हणजे स्पीकर फाटत नाहीत.’ हा सल्ला मोठ्या आत्मविश्वासाने दिला जातो आणि ऑक्सच्या बाबतीत तो उलटा आहे. फोनमधून क्षीण आवाज निघाला तर टेपला तो फार वाढवावा लागतो आणि त्याबरोबर मागची सळसळही वाढते. फोन जवळजवळ पूर्ण ठेवा, त्यावरचा इक्वलायझर आणि बेस बूस्ट बंद करा, मग हवा तेवढा आवाज टेपवर घ्या. आवाज फाटतो तो बहुधा या बूस्टमुळे. फोनमध्ये बेस चढवलेला, टेपमध्ये परत चढवलेला, आणि दरवाजातला कागदी स्पीकर बिचारा थरथरतोय!

ब्लूटूथची बदनामी जरा जास्तच झाली आहे. त्यावरून गाणं दाबून पाठवलं जातं, हे खरं. सीडीवर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट असतात. ब्लूटूथच्या सर्वांत साध्या एसबीसी पद्धतीत चांगल्या जोडणीत सुमारे ३२८. पण टायर, वारा आणि इंजिन यांच्या गोंगाटात हा फरक ओळखणारा कान क्वचितच. शिवाय आपण यूट्यूबवरून लावतो ते गाणं आधीच दाबलेलं असतं. ब्लूटूथवर गाणं टेलिफोनवर ऐकल्यासारखं येत असेल, तर ते कॉलच्या मार्गाने चाललंय. फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये ‘मीडिया ऑडिओ’ चालू आहे का ते बघा.

मॉड्युलेटर हा या चौघांतला खरा कच्चा दुवा. तो म्हणजे चिमुकलं रेडिओ केंद्र. एफएमवर साधारण १५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज जातच नाही आणि मोठं केंद्र जवळपास असलं की ते याला गिळून टाकतं. मुंबईचा पट्टा गच्च भरलाय: ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३, पुढे ९८.३, १००.७, १०४, १०७.१. म्हणून कोणी ९५ वर लावतं आणि घरापाशी ते छान वाजतं. मग कर्जत-खोपोलीवरून घाट चढून पुण्याकडे निघालं की गाण्यात निवेदक घुसतो, कारण पुण्यात ९५ वर बिग एफएम आहे. यंत्र बिघडलेलं नसतं, फ्रिक्वेन्सी बदलावी लागते.

पेनड्राइव्हवर गाणं आकड्यांच्या रूपात जातं आणि ते उलगडण्याचं काम टेप करतो, त्यामुळे चार्जरची घूं घूं तिथे सहसा शिरत नाही. मात्र १२८ किलोबिटची एमपीथ्री ‘३२० मध्ये कन्व्हर्ट’ करून काही मिळत नाही. गेलेला तपशील परत येत नाही, फाइल तेवढी फुगते.

जुन्या मराठी गाण्यांची गोष्ट तर आणखी वेगळी. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेलं ‘गीतरामायण’ मोनोच्या काळातलं. त्यात डावा-उजवा स्पीकर वेगळा वाजत नाही म्हणून वायरिंग उघडणारे मेकॅनिक आहेत. त्याला बेसही चढवू नये. शब्द तबल्याखाली जातात.