डाव्याच पायाची सूज

पाय सुजणें ही शेतकऱ्याच्या घरांत कांहीं नवलाची गोष्ट नव्हे. दिवसभर चिखलांत वांकून भात लावणाऱ्याचे किंवा रात्रभर दारें धरणाऱ्याचे पाय जड होतात आणि विसाव्यानें हलके होतात. त्याविषयीं आम्हांस आज लिहावयाचें नाहीं. एकच पाय, आणि तोहि बहुधा डावा, मांडीपासून घोट्यापर्यंत सुजतो व विसाव्यानें ओसरत नाहीं, त्या सुजेविषयीं लिहावयाचें आहे.

आमच्या परिचयाच्या एका बागाइतदाराच्या सुनेस बाळंतपणानंतर असें झालें. वय अवघें सव्वीस. कोणी हत्तीरोग म्हटलें, कोणी वात म्हटलें. तेल चोळण्याचा क्रम तीन आठवडे चालला. अखेर एके पहांटे तिला एकाएकीं धाप लागली, तेव्हां कोठें शहरांतील इस्पितळ गांठण्यांत आलें. पायांतील गोठलेल्या रक्ताची गुठळी सुटून फुफ्फुसांत गेली होती. मुलगी वांचली हें घराचें भाग्य.

तिच्या दुखण्याचें मूळ पायांत नव्हतेंच. तें ओटीपोटांत होतें. हृदयापासून रक्त नेणारी ती रोहिणी व हृदयाकडे परत आणणारी ती नीला. दोन्ही पायांच्या नीला वर येऊन कण्याच्या उजव्या अंगास एका मोठ्या नीलेंत मिळतात. त्यामुळें डाव्या पायाच्या नीलेस कण्यापुढून तिरकें जावें लागतें, आणि नेमकी तेथेंच उजव्या पायाकडे जाणारी रोहिणी तिच्यावरून जाते. पुढें उडती रोहिणी, मागें कमरेचा पांचवा मणका. दोहोंच्या मध्यें नीला चेपते. डाव्या पायांत रक्त अधिक वेळां गोठतें हें रुडॉल्फ फिर्खो यांनीं १८५१ सालींच नमूद केलें होतें. पुढें १९५७ सालीं मे व थर्नर या दोघांनीं ४३० शवें तपासलीं, त्यांत शेंकडा २२ ठिकाणीं या जागीं नीलेच्या आंत जाड पडदे आढळले. रोहिणीच्या सततच्या ठोक्यांनीं ते बनत असावेत, असा त्यांचा अभिप्राय पडला. या विकारास त्या दोघांचेंच नांव मिळालें आहे.

नीरेच्या कालव्याखालीं ज्यांच्या जमिनी पाणथळ झाल्या, त्यांस ही गोष्ट फोड करून सांगावयास नको. पाणी दिसतें शेतांत, पण दोष पुष्कळदां खालच्या बुजलेल्या नाल्यांत असतो. नाला मोकळा झाल्यावांचून वाफसा येत नाहीं.

तपासणींतहि हीच चूक होते. दोन्ही पाय सुजले असतां हृदय, मूत्रपिंड व यकृत यांकडे पहावें लागतें. पाय लाल होऊन ताप आला तर जंतुदोषाचा संशय घ्यावा. हत्तीरोगाचे जंतु आपल्याकडे रात्रीं रक्तांत उतरतात, म्हणून त्या रोगाचें रक्त रात्रीं घेतात. एकच पाय थोड्या दिवसांत सुजला तर मात्र प्रथम डॉप्लर सोनोग्राफी करावी, आणि तीहि त्याच दिवशीं. तोंपर्यंत पाय मुळींच चोळूं नये. परंतु ही तपासणी मांडीपर्यंत चांगली दिसते. ओटीपोटांतील नीला खोल असून आंतड्यांतील वायूच्या आड जाते. म्हणून डाव्या पायांत जांघेपर्यंत गुठळी असेल, किंवा गुठळी नसूनहि सूज हटत नसेल, तर "ओटीपोटांतील नीला पाहिली काय?" असें डॉक्टरांस निःसंकोच विचारावें. तेथील चित्र सी.टी. किंवा एम.आर. यंत्रानें निघतें, आणि नीलेच्या आंत बारीक नळी घालून आंतूनच सोनोग्राफी केली असतां दाब सर्वांत स्पष्ट दिसतो. वयस्क माणसांत गर्भाशयाची वा अन्य गांठ नीलेस दाबीत नाहीं ना, हेंहि याच चित्रांत पहावें.

येथें एक सावधगिरी सांगणें आम्हांस अगत्याचें वाटतें. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत, पायाची कसलीहि तक्रार नसलेल्या ५० जणांपैकीं सुमारें चतुर्थांश लोकांची ही नीला निम्म्याहून अधिक दबलेली आढळली. तेव्हां केवळ चित्रांत दाब दिसला म्हणून शस्त्रक्रियेस राजी होऊं नये. जेथें तक्रार नाहीं, तेथें उपचारहि नाहीं.

रक्त गोठलें असेल तर तें अधिक गोठूं न देणारें औषध निदान तीन महिने चालतें. गुठळी मोठी व ताजी, म्हणजे सुमारें दोन आठवड्यांच्या आंतील असेल, तर निवडक रोग्यांत नीलेंत नळी घालून ती विरघळवितात किंवा ओढून काढतात. मात्र गुठळी काढली आणि दाब तसाच ठेवला, तर नीला पुन्हां बुजण्याचें भय असतें. यास्तव फुग्यानें ती जागा रुंद करून तेथें स्टेंट म्हणजे धातूची जाळीदार नळी बसवितात. गुठळी नसतां सूज फार त्रास देत असेल, तरीहि स्टेंटचा विचार होतो. थोड्या सुजेस घट्ट मोजा, चालणें व निजतांना पाय उंच ठेवणें पुरतें. औषध आपल्या मनानें बंद करूं नये, आणि तें चालू असतां दांत काढावयाचा झाल्यास किंवा दिवस राहिल्यास आधीं डॉक्टरांस सांगावें, कारण यांतील कांहीं गोळ्या गर्भास घातक आहेत.

त्या सुनेस स्टेंट बसविला. सूज बहुतेक उतरली आहे. संध्याकाळीं घोटा थोडा भरतो. मोजा घालून ती धारा काढते, आणि गोळीची वेळ सासूबाई चुकूं देत नाहींत.