हुकमी पिचर द्यावा काय?

अमेरिकेत बेसबॉलचा हंगाम संपला, की एक वाद हमखास सुरू होतो. ज्याच्या बळावर संघ उभा आहे असा हुकमी पिचर, त्याचा करार संपण्यापूर्वीच, दुसऱ्या संघाला देऊन टाकावा आणि मोबदल्यात तरुण खेळाडू पदरात पाडून घ्यावेत की नाही? २०२५ च्या हंगामानंतर डेट्रॉइटच्या तारिक स्कुबलवरून हा वाद रंगला. लागोपाठ दोन वर्षे अमेरिकन लीगमधील सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळविणाऱ्या या डावखुऱ्या खेळाडूला करारमुक्त होण्यास एकच वर्ष उरले होते. एका पक्षाचे म्हणणे, किंमत येईल ती आताच येईल. दुसऱ्याचे म्हणणे, असा पिचर पुन्हा मिळावयाचा नाही. दोन्ही युक्तिवाद जुनेच आहेत, आणि ते जितक्या आवेशाने मांडले जातात तितक्या काळजीने पारखले जात नाहीत. पारखावयाचे तर ज्या सौद्यांचे फळ पुरतेपणी हाती आले आहे असे उदाहरण घ्यावे लागेल. ते ओकलंडचे आहे.

तत्पूर्वी थोडा खुलासा. खेळाडूंची अदलाबदल आपल्याला आता आयपीएलमुळे परिचित झाली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये रवींद्र जडेजा व सॅम करन चेन्नईहून राजस्थानकडे गेले आणि संजू सॅमसन चेन्नईला आला. मात्र आपल्याकडे अशा व्यवहाराला खेळाडूची संमती लागते. बेसबॉलमध्ये, करारातच तशी अट नसेल तर, मोठ्या लीगमध्ये दहा वर्षे आणि त्यांतली शेवटची पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूलाच नकार देण्याचा हक्क आहे. बाकीच्यांनी निरोप आला की सामान बांधावयाचे.

पिचर म्हणजे गोलंदाज, अशी तुलना आपल्या मनात सहज येते. पण ती फसवी आहे. गोलंदाज षटकाआड थांबतो आणि दुसऱ्या टोकाने त्याचा सहकारी भार उचलतो. पिचरला मात्र बदली होईपर्यंत आपल्या संघाकडून प्रत्येक चेंडू स्वतःच टाकावा लागतो. सामन्याची सुरुवात करणारा, म्हणजे सलामीचा पिचर, शंभराच्या आसपास चेंडू टाकतो आणि मग चार दिवस विश्रांती घेतो. म्हणून प्रत्येक संघ असे पाच जण बाळगतो. हंगामात १६२ सामने. त्यांतले तेहतीसएक एकाच्या वाट्याला येतात. त्याच्या दिवशी सामना जवळजवळ त्याच्या हाती असतो. उरलेल्या चार दिवशी तो मैदानाच्या कडेला बसून असतो. त्याच्याइतकी सत्ता दुसऱ्या कोणाकडे नाही आणि त्याच्याइतका रिकामा वेळही दुसऱ्या कोणाकडे नाही! ‘द्यावा’ म्हणणारा चार दिवस मोजतो, ‘ठेवावा’ म्हणणारा पाचवा दिवस आठवतो.

दुसरी गोष्ट हाताची. खांद्यावरून इतक्या वेगाने हजारो वेळा चेंडू फेकणे हे मानवी सांध्यांना मानवणारे काम नव्हे. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरातील तुटलेल्या बंधाच्या जागी दुसरीकडचा स्नायुबंध बसविला. ती शस्त्रक्रिया आज त्या रुग्णाच्याच नावाने ओळखली जाते आणि पिचरांच्या व्यवसायात ती नवलाईची उरलेली नाही. व्यवस्थापकाच्या दृष्टीने पिचर हा नाशवंत माल आहे. शब्द कठोर आहे, पण व्यवहार तोच आहे. त्यात नियम असा, की खेळाडूची सहा वर्षांची सेवा भरेपर्यंत त्याच्यावर संघाचा हक्क. त्यानंतर तो मोकळा. न्यूयॉर्कसारखा श्रीमंत संघ त्या वेळी थैली सैल सोडतो. गरीब संघाला त्याचा सर्वोत्तम खेळाडू जाताना पाहावा लागतो आणि हाती पडते ती फार तर नवोदितांच्या निवडीतील एखादी जादा जागा.

ओकलंड अ‍ॅथलेटिक्स हा असा गरीब संघ. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरापलीकडे कामगारवस्तीचे हे बंदर. तेथे २००० च्या सुमारास एकाच वेळी तीन पिचर उदयाला आले: टिम हडसन, मार्क मल्डर आणि बॅरी झिटो. तिघांनाही संघाने स्वतःच, १९९७, १९९८ आणि १९९९ या लागोपाठच्या वर्षी, नवोदितांतून निवडले होते. २००२ मध्ये संघाने १०३ सामने जिंकले, त्यांतले ५७ या तिघांच्या खाती होते. त्याच हंगामावर मायकेल लुइस यांचे ‘मनीबॉल’ हे गाजलेले पुस्तक निघाले, पुढे चित्रपटही आला. सर्वव्यवस्थापक बिली बीन यांनी आकडेशास्त्राच्या साहाय्याने टाकाऊ ठरलेल्या खेळाडूंतून संघ कसा उभारला, याची ती कथा. ती चटकदार आहेच. परंतु चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्याला त्या संघात असे तीन पिचर होते याचा पत्ताही लागू नये, ही मोठी गंमत आहे. आकडेशास्त्राला प्रतिभेची जोड होती, आणि ती प्रतिभा दर पाचपैकी तीन दिवस चेंडू फेकत होती.

डिसेंबर २००४ मध्ये बीन यांनी दोन दिवसांच्या अंतराने हडसन अ‍ॅटलांटाला आणि मल्डर सेंट लुईसला दिला. हडसनचे एक वर्ष उरले होते, मल्डरची दोन. त्याआधी २००० ते २००३ अशी चारही वर्षे संघ बाद फेरीच्या पहिल्याच पायरीवर, पाचव्या व निर्णायक सामन्यात हरला होता आणि २००४ मध्ये एका सामन्याच्या फरकाने तेथवरही पोहोचला नव्हता. चाहत्यांना वाटले, घर मोडले. पुढे काय झाले?

मल्डरने पहिल्या वर्षी सेंट लुईससाठी १६ सामने जिंकले. दुसऱ्या वर्षी त्याचा खांदा गेला, आणि त्या हंगामानंतर मोठ्या लीगमध्ये तो एकही सामना जिंकू शकला नाही. त्याच्या बदल्यात आलेल्या तिघांपैकी डॅन हॅरेनने तीन वर्षांत ओकलंडला ४३ विजय दिले. हा सौदा बीन यांनी निःसंशय जिंकला. हडसनचा तितकाच निःसंशय हरला. त्याच्या मोबदल्यात आलेल्या तिघांपैकी एकानेही ओकलंडमध्ये मूळ धरले नाही. हडसन मात्र अ‍ॅटलांटात नऊ हंगाम खेळला आणि कारकीर्दीअखेर २२२ विजयांवर थांबला. राहिला झिटो. त्याला ठेवले, त्याच्यासह २००६ मध्ये संघाने गट जिंकला, एक फेरी पार केली. आणि हंगाम संपताच झिटो सात वर्षांच्या १२ कोटी ६० लाख डॉलरांच्या करारावर उपसागरापलीकडच्या सॅन फ्रान्सिस्कोला निघून गेला. त्या करारात त्याचे जिंकण्यापेक्षा हरणेच अधिक झाले. ओकलंडने ती रक्कम मोजली नाही, हे शहाणपणच ठरले.

एक सौदा फायद्याचा, एक तोट्याचा, आणि जो केला नाही त्याने एक चांगला हंगाम दिला. येथे वाद बरोबरीत सोडवून मोकळे होता येईल. बहुतेक जण तेच करतात. मला वाटते, खरा प्रश्न येथून पुढे सुरू होतो. कारण सौदा तेथे संपला नाही.

हॅरेनचे काय झाले ते पाहावे. डिसेंबर २००७ मध्ये त्यालाही अ‍ॅरिझोनाला देऊन सहा तरुण घेण्यात आले. त्यांतला ब्रेट अँडरसन हा पिचर उपयोगी पडला, हे सांगितले पाहिजे. परंतु त्या सहांतला गुणी फलंदाज कार्लोस गोन्झालेझ वर्षभरातच आणखी दोघांसह कोलोराडोला गेला आणि त्याच्या जागी मॅट हॉलिडे आला. गोन्झालेझ २०१० मध्ये नॅशनल लीगचा अव्वल फलंदाज ठरला, तो कोलोराडोसाठी. हॉलिडे ओकलंडला एक हंगामही पुरता राहिला नाही. जुलै २००९ मध्ये त्याला सेंट लुईसला, म्हणजे जेथे मल्डर गेला होता तेथेच, पाठविण्यात आले. त्याच्या बदल्यात आलेल्यांत मुख्य होता ब्रेट वॉलेस. वॉलेस ओकलंडसाठी मोठ्या लीगमध्ये एकही सामना न खेळता त्याच डिसेंबरात टोरांटोला गेला आणि त्याच्या जागी मायकेल टेलर आला. टेलरच्या वाट्याला ओकलंडच्या मुख्य संघात मोजकेच सामने आले. मल्डरपासून निघालेली ही साखळी पाच सौद्यांनंतर अशी मातीत मिळाली. यांतला प्रत्येक व्यवहार स्वतंत्रपणे तपासला तर समर्थनीय दिसतो. प्रत्येक वेळी कारण एकच दिले गेले: भविष्य. पण ते भविष्य कोणत्या वर्षी उगवणार, हे सांगण्यास कोणीच बांधलेला नव्हता.

या संघाला ही सवय नवी नव्हे. तो फिलाडेल्फियात होता तेव्हा, १९१४ ची वर्ल्ड सिरीज हरल्यावर, मालक-प्रशिक्षक कॉनी मॅक यांनी एडी प्लँक, चीफ बेंडर व जॅक कूम्ब्ज या तीन नामवंत पिचरांना जाऊ दिले आणि पुढे इतरांना विकले. आदल्या वर्षी ९९ सामने जिंकणारा संघ १९१५ मध्ये १०९ हरला आणि १९१६ मध्ये ११७. मॅक यांनी पुन्हा संघ बांधला, १९२९ व १९३० ची अजिंक्यपदे मिळविली, आणि मंदीच्या तडाख्यात १९३३ च्या अखेरीस लेफ्टी ग्रोव्ह हा त्या काळचा श्रेष्ठ पिचर आणखी दोघांसह सव्वा लाख डॉलरांना बॉस्टनला देऊन टाकला. नंतर संघ कॅन्सस सिटीला गेला, १९६८ मध्ये ओकलंडला आला. तेथे १९७२ ते १९७४ अशी लागोपाठ तीन अजिंक्यपदे जिंकून झाल्यावर मालक चार्ली फिन्ली यांनी जून १९७६ मध्ये व्हायडा ब्लू या पिचरला १५ लाख डॉलरांना न्यूयॉर्क यँकीजना, तर रॉली फिंगर्स व जो रुडी यांना प्रत्येकी १० लाखांना बॉस्टनला विकले. बेसबॉलचे आयुक्त बोवी क्यून यांनी खेळाच्या हिताला बाधक म्हणून ती विक्रीच रद्द केली. फिन्ली न्यायालयात गेले आणि हरले.

फिन्ली हा गृहस्थ सहानुभूती वाटावी असा नव्हता; पण त्यांचा हिशेब चुकलेला नव्हता. खेळाडूंना मुक्तीचा हक्क नुकताच मिळाला होता, आणि हंगाम संपताच फिंगर्स व रुडी खरोखरच निघून गेले, फिन्लींच्या हाती काही न ठेवता. क्यून यांनी पैशाने होणारी विक्री अडविली; पण अदलाबदल अडविली नाही, आणि मला त्यात विसंगतीपेक्षा एक विवेक दिसतो. खेळाडूच्या बदल्यात खेळाडू येतो तेव्हा निदान मैदानावर काही परत येते. पैसा कोठे जातो, ते प्रेक्षकाला दिसत नाही.

परंतु त्या विवेकालाही पळवाट आहे. २०२२ मध्ये ती दिसली. आदल्या वर्षी ८६ सामने जिंकलेल्या या संघाने मार्चपासून ऑगस्टपर्यंत ख्रिस बॅसिट, शॉन मनाया आणि फ्रँकी मॉन्टास हे तिन्ही प्रमुख पिचर एकामागून एक दिले. मॅट ओल्सन व मॅट चॅपमन हे दोन आधारस्तंभही दिले. रोख विक्री एकही नाही, सर्व अदलाबदल. बदल्यात आले ते कोवळे आणि स्वस्त. पगाराचा बोजा उतरला, आणि वाचलेला पैसा संघावर परत खर्च झाल्याचे मैदानावर काही दिसले नाही. संघ त्या वर्षी १०२ सामने हरला, पुढच्या वर्षी ११२. प्रेक्षकसंख्या लीगमध्ये तळाला गेली, आणि मग शहर संघाला पाठिंबा देत नाही म्हणून शहर सोडावे लागते, असा युक्तिवाद पुढे आला!

२००४ चे सौदे आणि २०२२ चे सौदे कागदावर सारखे दिसतात. दोन्ही वेळा पिचर गेले, दोन्ही वेळा भविष्याचे नाव घेतले गेले. भेद एवढाच, की २००४ नंतर दोन वर्षांत संघ पुन्हा जिंकण्यासाठी उभा राहिला आणि चाहत्याला ते दिसले. झिटोला त्याच्या शेवटच्या वर्षात न विकता ठेवले, ते त्या उमेदीचेच लक्षण होते. हुकमी पिचर द्यावा काय, याचे उत्तर म्हणूनच पिचरच्या हातात किंवा मोबदल्याच्या यादीत शोधून सापडत नाही. देणारा संघ कोणत्या हंगामाकडे बोट दाखवितो, आणि तो हंगाम आल्यावर घेतलेल्या तरुणांना ठेवतो की पुन्हा विकतो, हे पाहावे लागते. डेट्रॉइटच्या चाहत्यानेही स्कुबलबाबत आपल्या मालकाला हेच विचारावे, असे मी म्हणेन. चार तरुणांची नावे मागाहून विचारावीत.

ओकलंडच्या चाहत्यांनी उशिरा का होईना, ते विचारले. १३ जून २०२३ रोजी, बहुतेक आसने रिकामी पडणाऱ्या त्या मैदानावर, संघ चांगला खेळतो म्हणून नव्हे तर आपण आहोत हे दाखविण्यासाठी २७,७५९ लोक ठरवून आले. अंगात हिरवे सदरे आणि त्यांवर एकच शब्द: ‘विका’. इतकी वर्षे खेळाडू देत आलेल्या मालकाला ते संघ विकण्यास सांगत होते. संघ टांपा बेविरुद्धचा तो सामना २–१ असा जिंकला. मालक बधले नाहीत.

२६ सप्टेंबर २०१५ रोजी त्याच मैदानावर एक आगळा सामना झाला होता. कारकीर्दीच्या अखेरीस ओकलंडला परतलेला झिटो आणि सॅन फ्रान्सिस्कोकडून खेळणारा हडसन एकमेकांविरुद्ध सलामीला उतरले. दोघांचेही हात थकलेले; दोघेही फार टिकले नाहीत. बाहेर जाताना प्रेक्षकांनी उभे राहून दोघांनाही सारखीच मानवंदना दिली, प्रतिस्पर्धी संघाच्या गणवेशातल्या हडसनलाही. बरोबर नऊ वर्षांनी, २६ सप्टेंबर २०२४ रोजी, ४६,८८९ प्रेक्षकांसमोर संघाने ओकलंडमधला आपला शेवटचा सामना जिंकला. २०२५ च्या हंगामात तो सॅक्रामेंटोजवळच्या चौदा हजार प्रेक्षकांच्या लहानशा मैदानावर, लास व्हेगासच्या नव्या स्टेडियमची वाट पाहत, खेळू लागला. नावात त्याने कोणतेही शहर ठेवले नाही.