प्रकाशाची चूल

उत्सव म्हटला की दीप आले, आरास आली. अलीकडे तीत लेसरचे किरणही आले. लेसर पॉइंटर आणि भिंगे यांचा खेळ मुलांना मोहवितो. तो जाणतेपणाने खेळावा, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

बहिर्गोल भिंग समांतर किरण ज्या बिंदूत गोळा करते, त्यास आपण नाभी म्हणतो. योहान्नेस केप्लरने १६०४ मध्ये त्यास 'फोकस' म्हटले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ चूल! झोत प्रथम अंतर्गोल भिंगाने पसरावा, बहिर्गोल भिंगाने समांतर करावा, मग दुसऱ्या बहिर्गोल भिंगाने एकवटावा. झोत जितका रुंद, तितका ठिपका सूक्ष्म.

परंतु वाचकहो, आपल्या डोळ्यांतही भिंगच आहे. आत शिरलेला झोत ते दृष्टिपटलावर एकवटते; चूल तेथेच पेटते. ती इजा भरून येईलच असे नाही. २०२३ च्या गणेश विसर्जनानंतर महाराष्ट्रातील नेत्रतज्ज्ञांकडे लेसरझोतांनी दृष्टिपटल दुखावलेले तरुण आले होते.

म्हणून पॉइंटर १ मिलिवॅटहून कमी शक्तीचा, खात्रीच्या ठिकाणचा घ्यावा. तो व भिंगे टेबलावर घट्ट बसवावीत; झोत डोळ्यांच्या पातळीखाली ठेवून काळ्या, खरखरीत पुठ्ठ्यावर संपवावा. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो, हे विसरू नये. भिंगातून उगमाकडे कदापि पाहू नये. आणि खोलीत दिवा तेवता ठेवावा. अंधारात बाहुली विस्फारते आणि तिचे दार झोतास अधिकच मोकळे होते.