प्रार्थनेचें उत्तर

रत्नागिरी जिल्ह्यांत देवाला प्रश्न विचारण्याची एक जुनी रीत आहे. घरांत कोणी दीर्घकाळ अंथरुणाला खिळलें, गुरें दगावूं लागलीं, कीं घरचा कर्ता माणूस ग्रामदेवतेच्या देवळांत जातो. गुरव त्याच्या वतीनें गाऱ्हाणें घालतो आणि मूर्तीवर ठराविक जागीं फुलें, पानें किंवा तांदूळ चिकटवून कौल लावतो. उजवा कौल म्हणजे सामान्यतः देवाची अनुमति. डावा म्हणजे नकार. उत्तर डोळ्यांसमोर मिळतें. जोडीला बहुधा नवसहि असतो : अमुक झालें तर तमुक अर्पण करीन.

या रीतीला हंसणें सोपें आहे. परंतु गाऱ्हाणें घालणाऱ्याच्या मनांत देव ऐकतो कीं नाहीं, ही शंकाच नसते, ही गोष्ट सुशिक्षितांनींहि ध्यानांत घेण्यासारखी आहे. देव हा त्याच्या गांवचा वडीलधारा. त्याच्याशीं रुसतां येतें, प्रसंगीं भांडतांहि येतें. अडचण येते ती पुढें. कौल उजवा मिळाला, नवस मनोभावें बोलला, आणि तरीहि मूल गेलें, तर त्या बापानें काय समजावें? करार एका बाजूनें पाळला आणि दुसऱ्या बाजूनें मोडला, असा हिशेब मांडला म्हणजे माणूस एक तर देवाला खोटें ठरवितो, नाहीं तर स्वतःला अपराधी. बहुधा दुसरेंच घडतें. आपल्याच सेवेंत कांहीं उणें राहिलें, हा विचार शोकाहूनहि अधिक खोल पोखरतो. आणि समाचाराला आलेलीं माणसें मृदु सुरांत तेंच सुचवितात, ही क्रूरताच होय.

या हिशेबावर घणाचा घाव रत्नागिरींतच पडला. १९२४ ते १९३७ या काळांत तेथें स्थानबद्ध असलेले विनायक दामोदर सावरकर यांनीं माणसाचा देव आणि विश्वाचा देव यांत भेद केला. विश्वाचे नियम माणसाच्या सुखदुःखाकडे पाहून वळत नाहींत. ते समजून घ्यावे आणि त्यांतून आपलें हित साधावें, असें त्यांचें प्रतिपादन होतें. ज्यांच्या पुढाकारानें आणि भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्यसाहाय्यानें १९३१ सालीं सर्व हिंदूंना खुलें असलेलें पतितपावन मंदिर उभें राहिलें, त्यांचेच हे विचार होत. नवसाच्या व्यवहाराला या युक्तिवादापुढें उत्तर नाहीं. मात्र तापानें तळमळणाऱ्याच्या तोंडून 'देवा' अशी हांक निघते ती युक्तिवाद ऐकून थांबत नाहीं. त्या हांकेचें काय, हा प्रश्न उरतोच.

सावरकर रत्नागिरींत असतांनाच, तेथून सुमारें २० किलोमीटरांवरील पावस या गांवीं या प्रश्नाला एका रुग्णाईताच्या आयुष्यानें निराळें वळण दिलें. रामचंद्र विष्णु गोडबोले यांचा जन्म १९०३ सालचा. ते राष्ट्रीय चळवळींतले कार्यकर्ते. १९३२ सालीं येरवड्याचा तुरुंगवास भोगलेले. पुण्यास नाथसंप्रदायाची दीक्षाहि त्यांनीं घेतली होती. १९३४ सालीं त्यांना असा आजार झाला कीं महिनेच्या महिने अंथरूण सुटेना. त्या दुखण्यांतून 'अमृतधारा' ही साक्यांची रचना निर्माण झाली. तींत प्रथम आर्त हांक आहे, आणि मग हळूहळू सूर पालटून तृप्ति आली आहे. हा पालट देह बरा झाला म्हणून आलेला नव्हे. प्रकृति पूर्ववत् झालीच नाहीं. स्वामी स्वरूपानंद या नांवानें पुढें ओळखले गेलेले हे गृहस्थ पावसच्या देसायांच्या घरीं १५ ऑगस्ट १९७४ रोजीं देह ठेवीपर्यंत, म्हणजे सुमारें चाळीस वर्षें राहिले. त्या अशक्त देहानेंच त्यांनीं ज्ञानेश्वरी अभंगरूपानें सुलभ केली.

येथें चिकित्सक वाचक म्हणेल, कीं ते निदान वांचले. जे वांचले नाहींत त्यांचें काय? आक्षेप रास्त आहे. सतराव्या शतकांतील भीषण दुष्काळांत तुकोबांची पहिली पत्नी आणि मुलगा, दोघेंहि गेलीं, असें परंपरा सांगते. आणि तें घर तर पिढ्यान्‌पिढ्या पंढरीच्या वारीचें. तेथें श्रद्धा उणी होती, असें कोण म्हणेल? गेथशेमाने बागेंत येशू ख्रिस्तानें दुःखाचा पेला टळावा म्हणून प्रार्थना केली, पण पेला टळला नाहीं. संकटाचें निवारण एवढाच प्रार्थनेच्या उत्तराचा अर्थ धरला, तर या दोन्ही ठिकाणीं उत्तर मिळालेंच नाहीं, असें कबूल करावें लागेल. तरीहि तुकोबांनीं विठ्ठलाकडे पाठ फिरविली नाहीं. उलट त्या घावानंतरच ते त्याच्याकडे पूर्णपणें वळले.

आपल्या भाषेनें या दोन वृत्ति फार पूर्वींच वेगळ्या केल्या आहेत. देवाला 'साकडें घालणें' निराळें आणि देवावर 'भार टाकणें' निराळें. साकडें घालणारा अमुकच घडावें म्हणून अडून बसतो. भार टाकणाऱ्याचें ओझें नाहींसें होत नाहीं. तें एकट्यानें वाहावें लागत नाहीं, एवढाच फरक पडतो. तो वैद्याला परत पाठवीत नाहीं, औषध चुकवीत नाहीं, रात्र रात्र उशाशीं बसण्याचेंहि टाळीत नाहीं. त्याचें मागणें थांबतें असेंहि नाहीं. मूल आजारी असतां तें बरें व्हावें असेंच कोणतीहि आई मागणार. फक्त तें मान्य झालें नाहीं म्हणून ती हांक मारायची सोडीत नाहीं, आणि स्वतःला दोषी धरीत नाहीं.

पावसची ती खोली आज भाविकांनीं जपून ठेवली आहे. तेथें जाणाऱ्यांत ज्ञानेश्वरीचे अभ्यासक असतात, तसे घरचें दुखणें मनांत घेऊन आलेलेहि असतात. कौल मात्र तेथें लावला जात नाहीं.