पाणीपुरीचे पाणी घरचेच बरे
पावसाळ्यात पाणीपुरीची ओढ वाढते आणि नेमक्या त्याच दिवसांत दूषित पाण्यातून कावीळ, विषमज्वर पसरतात. चिंच, काळे मीठ आणि मिरची यांच्या आंबट-तिखट चवीने जंतू मरतात, हा समज भाबडा आहे. बर्फातही ते तग धरतात. म्हणून पाणी उकळून, निववून मगच त्यात पुदिन्या-कोथिंबिरीचे वाटण कालवावे. पाला धुवावा तो याच पाण्याने आणि बर्फही याचाच असावा. पुऱ्या विकतच्या आणल्या तरी बिघडत नाही. घरी करायच्या असल्यास बारीक रवा घट्ट भिजवून ओल्या फडक्याखाली अर्धा तास मुरू द्यावा. पुरी फुगते ती आतल्या वाफेने. त्यामुळे ती सर्वत्र सारखी पातळ लाटावी. कडकडीत तेलात सोडून झाऱ्याने हलके दाबावी आणि फुगताच आच कमी करून खरपूस तळावी. गरम असतानाच डब्यात भरलेल्या पुऱ्या मऊ पडतात.